सेमिनरीची वाट, परतीची वाट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून संयोजकांनी मला तंत्रज्ञानावर बोलायला सांगितले होते. पण आज मी आपल्या वर्गातून सेमिनरीत गेलेल्या दोघांबद्दल बोलणार आहे, दोघांचीही परवानगी घेऊन. एक आज फादर आहे. दुसरा पाचव्या वर्षी घरी परतला. आपण वसईकर पहिल्याचे बॅनर लावतो आणि दुसऱ्याबद्दल दबक्या आवाजात विचारतो, "काय झालं असेल?"

माझे इंजिनिअरिंग चार वर्षांत आटोपले. फादर होण्यासाठी चर्चच्या १९८३ च्या कायद्यानुसार किमान दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईशज्ञान शिकावे लागते. शिवाय पूर्वतयारी आणि धर्मग्रामातले प्रत्यक्ष काम वेगळे. मग डिकन, आणि त्यानंतर निदान सहा महिन्यांनी गुरुदीक्षा. तीही वयाची २५ वर्षे पूर्ण झाल्यावरच. गोरेगावचे सेंट पायस असो की पुण्याची पेपल सेमिनरी, चौकट हीच.

एवढी वर्षे कशासाठी? धर्मगुरूंचे अपुरे शिक्षण ही युरोपातली जुनी तक्रार होती, म्हणून ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये सेमिनरी काढायचे फर्मान दिले. पण प्रश्न फक्त पुस्तकांचा नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये या घडणीच्या चार बाजू सांगितल्या: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि लोकसेवेची. त्यांतली मानवी बाजू त्यांनी पायाची मानली. आजाऱ्याजवळ शांत बसता येते का, एकटेपण झेपते का, ब्रह्मचर्य आनंदाने पाळता येईल का, हे परीक्षेच्या मार्कांवरून कळत नाही. तिथे राहूनच कळते. त्या वर्षांत मुलगा सेमिनरीला पारखतो आणि सेमिनरी मुलाला. गुरुदीक्षेसाठी कुणावर सक्ती करायला तर कायद्यानेच मनाई आहे.

म्हणजे विचार करून परत येणारा मुलगा नापास झालेला नसतो. ज्यासाठी ही वर्षे ठेवली आहेत, तेच त्याने केलेले असते.

आपला मित्र मला म्हणाला, "सेमिनरी सोडताना मी रडलो नाही. तिथल्या फादरांनी पाठीवर हात ठेवला. रडलो ते गावात आल्यावर." कुणी काही विचारू नये म्हणून त्याची आई वर्षभर पहाटेच्या मिस्साला जात होती. लग्नाच्या बोलणीतही तोच प्रश्न निघायचा. आज नोकरी सांभाळून तो धर्मग्रामातल्या मुलांना बायबल शिकवतो. ती पाच वर्षे वाया गेली, असे तो कधी म्हणत नाही.

आपले फादरही हेच सांगतात: "परत जायची मोकळीक होती, म्हणून मी मनापासून हो म्हणू शकलो." लोक काय म्हणतील या भीतीने एखादा नको असताना तिथेच राहिला, तर त्याची किंमत त्याला आणि त्याच्या धर्मग्रामाला आयुष्यभर मोजावी लागते.

आता आपली मुले दहावी-बारावीला आहेत. त्यांच्यातला कुणी सेमिनरीत जाईल. जाताना त्याचे कौतुक जरूर करू. पण परत आला, तर "का आलास?" असे न विचारता त्याला घरी जेवायला बोलवू. आणि त्याच्या आईशेजारी दहाच्या मिस्साला बसू.