धारच्या किल्ल्यापासून हर्णैच्या बंदरापर्यंत

धार-देवासच्या मराठी घरांना समुद्र लांबचा, पण धारच्या किल्ल्याचा एक धागा थेट कोकणातल्या हर्णै बंदराशी जुळतो. 1775 मध्ये आनंदीबाईंनी याच किल्ल्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना जन्म दिला. पुढे 1802 च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी त्यांचा पराभव केला. तेव्हा पेशवे महाडमार्गे हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आले आणि तिथून जलमार्गाने वसईला गेले. 31 डिसेंबरला तिथेच इंग्रजांशी तह झाला. मराठी राज्याचं भवितव्य ठरवणारा हा प्रवास. माळव्यातल्या माणसाने त्याचा मार्ग एकदा तरी पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

हर्णै रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात आहे. सुवर्णदुर्ग भर पाण्यात. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. 2025 मध्ये सुवर्णदुर्गाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

बंदरावर मात्र संध्याकाळीच जा. मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगरतात, मासळी लहान होड्यांतून किनाऱ्यावर येते. ओल्या वाळूवरच पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग लागतात आणि लिलाव सुरू होतो. कोळणींचा भावाचा अंदाज आणि बोलण्यातली धार ऐकत राहावी अशी! बघणाऱ्याने टोपल्यांच्या वाटेत उभं राहू नये, ही त्यांच्या कामाची वेळ असते.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर, पाऊस ओसरला की निघा.