‘सगळं चालतं, सर’: मुळशीतली रूम आणि सिगारेटचा वास

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच.)

पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, “ह्या वीकेंडला मुळशी?” मग कोणीतरी लिंक टाकतं. लेक व्ह्यू, पूल, बार्बेक्यू, आणि फोटोत पांढरीशुभ्र चादर. आज मला त्या चादरीबद्दल बोलायचंय. म्हणजे खरं तर चादरीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या हवेबद्दल. हॉटेलची रूम स्वच्छ आहे असं आपण कधी म्हणतो? आणि बुकिंग करताना “नॉन-स्मोकिंग”वर टिक करतो, तेव्हा आपल्याला नक्की काय मिळतं?

आधी वास. मुळशीत पावसाळ्यात रूमचं दार उघडलं की बहुतेक वेळा कुबट वास येतो. ताम्हिणीच्या बाजूला तर विचारूच नका, तिथे आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. चादरी वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, कपाट उघडलं की डांबरगोळीचा वास. हा वास आला म्हणून रूम घाण आहे असं मी म्हणणार नाही. बाथरूममध्ये एखादा पावसाळी किडा दिसला म्हणून एक स्टार देणाऱ्यांचंही मला कळत नाही. अरे, तुम्ही जंगलात राहायला आलाय ना? चादरीवर केस असेल, टॉवेल आधीच कोणीतरी वापरलेला असेल, तर जरूर भांडा. पण निसर्गाचा आणि माणसाचा कचरा यात फरक करायला हवा.

सिगारेटचा वास मात्र माणसाचाच. आणि तो झाडू-पोछाने जात नाही.

आता कायदा सांगतो. बोअर होणार नाही, कारण यातली एक गोष्ट ऐकून माझे स्मोकर मित्रही गप्प झाले होते. तंबाखूचा केंद्रीय कायदा २००३ चा, त्याला कोटपा म्हणतात. त्याचे सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाबद्दलचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. कायदा सांगतो की सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढायची नाही, आणि हॉटेल त्यात आलं. सूट कोणाला? तीस किंवा त्याहून जास्त खोल्या असलेल्या हॉटेलला. त्यांनी हवं तर स्मोकिंग रूम ठेवाव्यात. पण कुठेही नाही, त्या सगळ्या रूम एकाच मजल्यावर किंवा एकाच विंगमध्ये, वेगळ्या. दारावर इंग्रजीत आणि एका भारतीय भाषेत तसं लिहिलेलं हवं. आणि त्या रूममधला धूर बाहेर मोकळ्या हवेत जायला हवा, कॉरिडॉरमध्ये किंवा लॉबीत येता कामा नये.

आता मुळशी डोळ्यांसमोर आणा. चांदणी चौकातून निघालात, भूगाव, पिरंगुट, पौड, पुढे धरणाच्या कडेने. या रस्त्यावरच्या किती रिसॉर्टना तीस खोल्या असतील? आठ कॉटेज, बारा रूम, चार टेंट, असाच हिशोब असतो. म्हणजे या लहान रिसॉर्टांमध्ये “स्मोकिंग रूम” नावाची गोष्ट कायद्यानेच असू शकत नाही. “आमच्याकडे दोन्ही टाइपच्या रूम आहेत” असं दहा खोल्यांचा मालक सांगत असेल, तर त्यातला एक टाइप त्याला ठेवताच येत नाही. अजून एक. जिथे ओढायला बंदी आहे तिथे ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायलाही बंदी आहे. म्हणजे बारा खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये टेबलावर काचेची छान ॲशट्रे दिसली, तर ती आदरातिथ्य नाही, नियमभंग आहे.

गंमत म्हणजे हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येते. आपल्यातले कित्येक जण तिथे रोज जाऊनसुद्धा हे त्यांना माहीत नसतं. तिथल्या आयटी पार्कच्या आसपासची मोठी बिझनेस हॉटेलं तीस खोल्यांच्या वरची, त्यांना स्मोकिंग फ्लोअर ठेवता येतो. म्हणजे एकाच तालुक्यात दोन वेगळ्या दुनिया. आणि आपण हिंजवडीच्या हॉटेलची सवय घेऊन धरणाकाठच्या कॉटेजमध्ये जातो आणि विचारतो, “स्मोकिंग रूम आहे का?” समोरचा बिचारा म्हणतो, “सगळं चालतं, सर.”

या “सगळं चालतं, सर”चं काय होतं ते गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या घराने बघितलं. आईला दमा आहे. बरेच दिवस ती कुठे गेली नव्हती, म्हणून धरणाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये एक रात्र बुक केली. नाव सांगत नाही, मुद्दा त्या एका जागेचा नाहीच. बुकिंगमध्ये नॉन-स्मोकिंगवर टिक होती, कन्फर्मेशनच्या मेलमध्येही तसं छापून आलं होतं. रूममध्ये शिरलो तर लॅव्हेंडरचा भपकारा. इतका की मला शिंका आल्या. आई दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, “याच्या खाली सिगारेट आहे रे.”

मॅनेजर आला. चांगला माणूस होता, उर्मट वगैरे अजिबात नाही. म्हणाला, “काकू, आपल्या सगळ्याच रूम नॉन-स्मोकिंग आहेत, पण पब्लिक ऐकत नाही.” आणि त्याने काय केलं? अजून स्प्रे मारला.

खरी माहिती दिली ती रूम साफ करणाऱ्या मावशींनी. त्या आईला म्हणाल्या, “ताई, सकाळपर्यंत पोरं होती इथं, सहा जण. दारं-खिडक्या लावून रात्रभर. पडदे काढते म्हटलं मी, पण दुसरे पडदे नाहीत. आणि धुतले तर ह्या पावसात वाळणार कुठं?”

रात्री साडेनऊला आईने पंप घेतला, साडेदहाला परत घेतला. मग आम्ही बॅगा भरल्या आणि भर पावसात पौड रस्त्याने घरी आलो. पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आईला घरी येऊन तासाभराने बरं वाटलं. पैशांचं काय झालं? ॲप म्हणालं रिफंड हॉटेल ठरवेल, हॉटेल म्हणालं बुकिंग ॲपचं आहे. तुम्हाला माहीतच असेल हा खेळ.

यात मला त्या टिकबद्दल बोलायचंय, कारण तो माझ्या धंद्याचा भाग आहे. मी काही काळ हॉटेल बुकिंगच्या एका सिस्टिमवर काम केलंय. आपल्याला वाटतं की आपण टिक केली म्हणजे ती रूम लॉक झाली. मी बघितलेल्या सिस्टिममध्ये ते एक साधं रिक्वेस्टचं खातं होतं. “लवकर चेक-इन हवं”, “वरचा मजला हवा”, तसंच “नॉन-स्मोकिंग हवं”. हॉटेलकडे एक ओळ जाते, “शक्य असल्यास”. त्या ओळीवर ‘हो’ म्हणायला किंवा ‘नाही’ म्हणायला समोर कोणी बसलेलं असेलच असं नाही. आणि रूमच्या माहितीत जे “नॉन-स्मोकिंग” छापलेलं दिसतं, ते मालकाने लिस्टिंग करताना एकदा भरलेलं. कदाचित चार वर्षांपूर्वी, बाकीच्या पन्नास चौकटींबरोबर. त्यानंतर त्या रूममध्ये कोण राहिलं, काय झालं, याची नोंद त्या डेटाबेसमध्ये नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर आपण रूमला स्टेटलेस समजतो. चेकआउट झालं, चादर बदलली, रीसेट. चादरीपुरतं ते खरंही आहे. पण धुरातलं निकोटीन पडद्यांत, गादीत, सोफ्याच्या कापडात, भिंतीच्या रंगावर चिकटून बसतं आणि पुढे किती तरी दिवस तिथून हवेत परत येत राहतं. रूममधला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. म्हणजे एसी लावला की वास जाईल ही समजूत उलटी आहे. बाथरूममध्ये एक्झॉस्टखाली उभं राहून ओढली की कोणाला कळत नाही, हीसुद्धा. एक्झॉस्ट सामायिक शाफ्टमध्ये उघडत असेल तर तो धूर शेजारच्या बाथरूममध्ये पोचू शकतो. कळतं सगळ्यांना, फक्त सांगत कोणी नाही.

यावर अमेरिकेत चांगलं काम झालंय. सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातली चाळीस हॉटेलं तपासली. दहा अशी, जिथे पूर्ण बंदी, आणि तीस जिथे काही रूममध्ये परवानगी. परवानगीवाल्या हॉटेलांमधल्या नॉन-स्मोकिंग रूममध्येसुद्धा पृष्ठभागांवर निकोटीन जास्त सापडलं. आणि तिथे एक रात्र राहिलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या लोकांच्या बोटांवरही. बोटांवर! म्हणजे पाटी दारावर लागते, पण धूर पाटी वाचत नाही. वेस्टिन आणि मॅरियट यांनी २००६ मध्ये तिकडची आपली हॉटेलं पूर्णच धूरमुक्त केली. मला वाटतं त्यात आरोग्याइतकाच हिशोबही असणार. दोन प्रकारच्या रूम सांभाळायच्या, एका प्रकारच्या जास्त वेळ साफ करायच्या, आणि वर तक्रारीही ऐकायच्या, कशाला?

साफ करायचं म्हणजे काय ते ऐका. पडदे काढून धुवायचे. गादीवरचं कव्हर, उशा, सगळं बाहेर. भिंती, दारं, कपाट साबणाच्या पाण्याने पुसायचं. एसीचा फिल्टर धुवायचा. आणि मग खिडक्या उघड्या टाकून रूम एक-दोन दिवस रिकामी ठेवायची. आता मुळशीतला रविवार बघा. अकराला एक ग्रुप जाणार, एकला दुसरा येणार. मधल्या दोन तासांत दोन-तीन बायका दहा रूम करणार. चिखलाचे बूट टॉवेलने पुसलेले असतात, बेडवर मॅगी सांडलेली असते, वॉश बेसिनमध्ये थोटकं. त्यात एका रूमला दोन दिवस कोण देणार? म्हणून लॅव्हेंडर. स्प्रे ही मॅनेजरची लबाडी नाहीये नेहमी, कित्येकदा त्याच्याकडे तेवढंच असतं. पण ती सफाई नाही, एवढं आपण ओळखलं पाहिजे.

आणि आपण एक रात्र राहून जातो. मावशी त्या हवेत रोज असतात. कायद्यात सार्वजनिक ठिकाणात कामाची जागाही मोडते, आणि ती रूम त्यांची कामाची जागा आहे. हे कोणी मोजत नाही.

दंडाचं विचाराल तर तो आहे दोनशे रुपयांपर्यंत. हसू नका. सहा जणांच्या ग्रुपला दोनशे रुपये म्हणजे वाटेत वडापाव खाल्ला तेवढे. पण तीच तरतूद मालकालाही लागू होते. तक्रार आल्यावर त्याने काही केलं नाही, तर त्याच्या हद्दीत जेवढ्यांनी नियम मोडला तेवढ्यांच्या हिशोबाने त्याला दंड होऊ शकतो. आणि तक्रार कोणाकडे करायची, त्या माणसाचं नाव बोर्डवर लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी बघा तो बोर्ड दिसतो का. दिसला तर मला फोटो पाठवा. काही ठिकाणी हॉटेलवाले स्वतःचा “क्लीनिंग चार्ज” लावतात. तो सरकारी दंड नाही, तुमच्या-त्यांच्यातला करार आहे. म्हणून तो बुकिंगच्या वेळीच सांगितलेला असायला हवा, चेकआउटला नाही.

मी आता काय करतो तर बुकिंगच्या आधी थेट रिसॉर्टला फोन करतो. “नॉन-स्मोकिंग आहे का” असं विचारत नाही. त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं. मी विचारतो, “आमच्यातले दोघं ओढतात, रूममध्ये चालेल ना?” “चालतं की, सर” असं उत्तर आलं, तर कळलं मला. “नाही दादा, रूममध्ये नाही, बाहेर शेडखाली जागा केलीय” असं कोणी म्हणालं, तर तिथे आईला घेऊन जायला हरकत नाही. दिवाळीत अशीच एक जागा सापडली, पौडच्या अलीकडे. सहाच रूम, पडदेच नाहीत, खिडक्यांना बांबूच्या चटया. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “पडदे धुवायचे कोणी?” आई दोन रात्री राहिली.

आणि पोचल्यावर रूममध्ये वास आलाच, तर बॅग उघडायच्या आधी बोला. व्हिडिओत वास येत नाही, पण ॲशट्रे येते, थोटकं येतात, गादीवरचं जळलेलं भोक येतं. ॲपच्या चॅटवर तिथल्या तिथे लिहून ठेवा, वेळेसकट. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीत बोलता येतं. आमची तक्रार तिथे नोंदवली, तेव्हा दोन आठवड्यांनी ॲपने अर्धे पैसे परत दिले.

ओढणाऱ्या मित्रांनो, तुम्हीही ऐकताय मला माहितीये. तुमच्यासाठी वेगळा एपिसोड करणार नाही. बाहेर जा, छत्री घ्या, थोटूक डब्यात टाका. कुंडीत नको, पूलमध्ये तर नकोच.

पुढच्या एपिसोडमध्ये ज्याला आपण ‘लेक व्ह्यू’ म्हणतो त्या पाण्याबद्दल बोलू. ते तळं नाही, टाटांच्या वीज प्रकल्पाचं धरण आहे, आणि त्याच्यासाठी गावं गेली तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला होता. तोवर तुमच्या रूमचे किस्से व्हॉइस नोटवर पाठवा. हॉटेलचं नाव नको, तालुका चालेल.