नखाएवढा फोटो
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, म्हणून समितीनं जुने फोटो गोळा करायची जबाबदारी माझ्यावर टाकली आणि वर दोन शब्द बोलायलाही सांगितलं. भरताचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे लांबवत नाही. आधी एक कबुली देतो.

2006 साली आपण चित्रकलेच्या सरांचा निरोप समारंभ केला, आठवतोय ना? कॅमेरा माझा होता, 5 मेगापिक्सेलचा. रात्री घरी जाऊन फोटो कॉम्प्युटरवर उतरवले. फोल्डर उघडला तर सगळी छोटी छोटी चित्रं समोर: सर, शाल, नारळ, मागे त्यांनीच रंगवलेला फळा. सगळं आलं, म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं. तीनेक वर्षांनी हार्डडिस्क कुरकुर करू लागली. फोल्डर नव्या डिस्कवर घेतला, पुन्हा छोटी चित्रं पाहिली, सगळी जागच्या जागी. जुनी डिस्क भंगारात दिली.

पुढे सर गेले. घरच्यांनी फोटो मागितला. मी तो उघडला, तर वर फळ्याची एक पट्टी आणि खाली सगळं करडं. सर नव्हतेच. बाहेर मात्र, फोल्डरमध्ये, ते शाल पांघरून हसत होते.

असं का झालं, ते मला धंद्यात असूनही तेव्हा कळलं. पाचशे फोटोंचा फोल्डर उघडताना प्रत्येक फोटो पूर्ण वाचून लहान करायचा म्हटलं तर वेळ लागतो. म्हणून कॉम्प्युटर एकदा केलेलं छोटं चित्र, म्हणजे थंबनेल, जपून ठेवतो. विंडोज एक्सपी ही चित्रं त्याच फोल्डरमध्ये ‘थंब्स डॉट डीबी’ नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये ठेवायचं. फोल्डर कॉपी केला की तीही सोबत जायची. पुढच्या वेळी फोटोची तारीख बदललेली नसेल, तर मूळ फोटोला हात न लावता हे जपलेलं चित्रच दाखवलं जायचं. आतून फोटो बिघडलेला असला, तरी त्याला पत्ता नाही. म्हणजे मी दोन्ही वेळा फोटो तपासलेच नव्हते, फक्त त्यांची यादी पाहिली होती.

आपण रावेरची माणसं. केळीचा व्यापारी बांधावरून बाग पाहून भाव करतो का? आत शिरतो, घडाला हात लावतो. मी बांधावरूनच परत आलो.

विंडोज व्हिस्टापासून ही छोटी चित्रं प्रत्येक फोल्डरमध्ये न ठेवता, कॉम्प्युटरवर प्रत्येक वापरणाऱ्याच्या खात्यात एका ठिकाणी साठतात. म्हणून मूळ फोटो पुसला तरी त्याचं छोटं चित्र मागे राहू शकतं. जुना कॉम्प्युटर विकताना नुसते फोटो पुसून भागत नाही, डिस्क पूर्ण साफ करून घ्या.

उलटही होतं. अमेरिकेतल्या एका मैत्रिणीनं आयफोनवरचे फोटो पाठवले. समितीच्या कॉम्प्युटरवर चित्रं दिसेनात, नुसती कोरी चिन्हं. कुणीतरी म्हणालं, खराब आहेत, काढून टाका. ते खराब नव्हते. 2017 पासून आयफोन ‘एचईआयसी’ या प्रकारात फोटो साठवू लागला, आणि तो वाचायची सोय त्या कॉम्प्युटरवर नव्हती. ती टाकली, आणि सगळे फोटो उमटले. तेव्हा छोटं चित्र दिसलं म्हणजे फोटो शाबूत आहे असं नाही, आणि दिसलं नाही म्हणजे फोटो गेला असंही नाही. उघडून पाहिल्याशिवाय काही खरं नाही.

आता स्मरणिकेसाठी विनंती. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा पेन ड्राइव्हवर आणून द्या. कॉपी केल्यावर एकेक फोटो उघडा, मोठा करा, कडेचे चेहरे पाहा. तोवर मूळ पुसू नका.

सरांच्या फोटोचं काय झालं? ‘थंब्स डॉट डीबी’तून 96 पिक्सेल रुंदीचं चित्र निघालं. त्याहून थोडं मोठं त्या तुटक्या फाइलमध्येच सापडलं, कारण बरेच कॅमेरे फोटोच्या फाइलच्या सुरुवातीलाच एक छोटं चित्र ठेवतात. ते 160 बाय 120 पिक्सेलचं आहे. मूळ फोटोत 50 लाख पिक्सेल होते, हातात उरले 19,200. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात. त्या हिशोबानं हा फोटो स्मरणिकेत दीड सेंटीमीटरही रुंद येणार नाही. थंबनेल म्हणजे अंगठ्याचं नख. सर खरोखरच तेवढे उरलेत, माझ्या निष्काळजीपणामुळे.

पण त्या दिवशी हॉलमध्ये कॅमेरा माझा एकट्याचाच होता असं नाही. कुणाच्या अल्बममध्ये एखादी प्रिंट असेल, कपाटात एखादी जुनी सीडी असेल. घरी गेल्यावर जरूर शोधा. आणि सापडला फोटो, तर ‘आहे माझ्याकडे’ असं कळवण्याआधी एकदा उघडून पाहा.