हृदय कमी पडते तेव्हा

श्रोतेहो, ‘हार्ट फेल झाले’ हे शब्द कानावर पडले की आपण समजतो, माणूस गेला. आमच्या परिचर्या शाळेत नव्याने आलेल्या मुलीही हाच अर्थ सांगतात. म्हणून पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिते : हृदय बंद पडणे वेगळे आणि हृदय कमी पडणे वेगळे. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्याबद्दल.

हृदय आपल्या मुठीएवढे. दिवसाकाठी ते सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलते. विहिरीवरच्या पंपाचे उदाहरण घ्या. पंपाचा जोर कमी झाला की टोकाच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही, आणि इकडे विहिरीतले पाणी चढत जाते. हृदयाचेही तेच. डावी बाजू थकली तर मागे फुप्फुसांत पाणी साचते व धाप लागते. उजवी थकली तर पायांवर, पोटात सूज येते. पुष्कळदा दोन्ही एकदम.

मूत्रपिंडांची मात्र इथे फसगत होते. त्यांच्याकडे रक्त कमी येते, तेव्हा त्यांना वाटते, शरीरात पाणीच कमी आहे. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. आधीच तुंबलेल्या विहिरीत आणखी भर !

माझ्या मामांची गोष्ट सांगते. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते, दिवाळीला आजोळी गेले होते. मामा रात्री दोन वाजता उठून ओट्यावर येऊन बसत. आडवे झाले की जीव घाबरा होई. धान्याच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या डोळा लागे तेवढीच झोप. घरात सगळे म्हणत, दमा आहे. वर्गात शिकवल्याप्रमाणे मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला. खळगा पडला तो तसाच राहिला. मामा हसले, म्हणाले, “पोरी, चप्पल घट्ट झालीय म्हणून दोन महिने अनवाणीच हिंडतोय.”

तालुक्याला नेले. लघवीची गोळी सुरू झाली, आठवड्यात अंगातले पाणी उतरले, मामा पाठीवर झोपू लागले. घरी सोडताना हातात एक इंग्रजी कागद दिला. तो घरात कुणालाच वाचता आला नाही, आणि सुट्टी संपली म्हणून मीही समजावून न सांगता निघून आले. बरे वाटले तशा मामांनी गोळ्या सोडल्या. जेवणात लोणचे, पापड, सुकट पूर्वीसारखेच. फाल्गुनात पुन्हा तीच धाप, आणि या खेपेला जेमतेम वाचले. मामी मला एवढेच म्हणाल्या, “अगं, बरं वाटल्यावरही गोळी घ्यायची हे कुणी सांगितलंच नाही.” ते मला अजून बोचते.

तर ऐका. सूज उतरली म्हणजे पंप नवा झाला असे नव्हे. औषधे बहुधा कायमची असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही सोडू नये. मीठ दिवसाला सगळे मिळून एका लहान चमच्याच्या आत. लोणच्यातले, पापडातले, खारवलेल्या मासळीतले मीठही यातच धरायचे, आणि भज्यांतला सोडाही. ‘कमी सोडियमचे’ मीठ मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असते, काही औषधांबरोबर ते धोक्याचे. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही अंगात पाणी धरून ठेवतात.

आणि वजन. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी. तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढले तर ती चरबी नाही, ते पाणी. सूज डोळ्यांना दिसण्यापूर्वी काटा सांगतो; तेव्हाच दवाखाना गाठावा. मामांकडे काटा नव्हता. शेजारच्या रेशन दुकानातल्या काट्यावर ते उभे राहत आणि चौथीतली नात कॅलेंडरवर आकडा लिही. असे त्यांनी पुढे नऊ वर्षे काढली.

एकाएकी धाप वाढली, गुलाबी फेस पडू लागला, तर रोग्याला आडवे करू नका. पाय खाली सोडून बसवा आणि १०८ ला फोन करा.

हृदय थकण्याची कारणे अनेक : जुना रक्तदाब, हृदयविकाराचा झटका, मधुमेह, दारू. गुरुजींना आणि बाईंना मात्र एक कारण मुद्दाम सांगते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो आणि उपचार राहून जातो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे दुखतात; आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर. घरचे म्हणतात, वाढीचे दुखणे. हा संधिवाताचा ताप असू शकतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात आणि ऐन तिशीत माणूस धापा टाकू लागतो. असे मूल दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवा. निदान झाले तर पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते दुखते, म्हणून मुले चुकवतात. त्या मुलाची तारीख हजेरीपटात त्याच्या नावापुढे लिहून ठेवा, आणि त्या दिवशी तो दवाखान्यात गेला असेल तर गैरहजेरीबद्दल रागावू नका.