आरोग्याचा रुपया : वाढला किती, उरला किती



सरकारी खर्चाचे आकडे हा वसंतातल्या संध्याकाळी ऐकण्याजोगा विषय नव्हे, हे आम्ही जाणतो. पण पेणकरांना तो समजावून सांगावा लागू नये. येथल्या गणपतीच्या कारखानदारांनाच विचारा. विक्री दुप्पट झाली म्हणून कोणी लगेच पेढे वाटीत नाही. शाडू, रंग आणि कारागिरांची मजुरी किती चढली, हे तो आधी पाहतो. सरकारच्या आरोग्यखर्चाकडे मात्र आपण त्या नजरेने पाहत नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे केंद्र, राज्ये व स्थानिक संस्था मिळून २०१३-१४ साली आरोग्यावर दरडोई १,०४२ रुपये खर्च करीत. २०१९-२० साली हा आकडा २,०१४ झाला. ‘दुप्पट झाला’ ही दवंडी खोटी नव्हती. परंतु त्याच सहा वर्षांत बाजारभाव सुमारे तीस टक्क्यांनी चढले. जुन्या भावाने मोजाल, तर ते २,०१४ रुपये साडेपंधराशेच्या आसपास भरतात. म्हणजे वाढ दुपटीची नव्हे, दीडपटीची. वाढलेल्या दर दोन रुपयांतला जवळजवळ एक महागाईने खाल्ला!

दीडपट तरी काय थोडी, असे कोणी म्हणेल. थोडी नाहीच. पण देशाचे उत्पन्नही वाढत होते. त्याच्या मानाने हा खर्च १.१५ टक्क्यांवरून १.३५ टक्क्यांवर आला, इतकेच. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के झाला खरा, पण ते करोनाचे वर्ष. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचा संकल्प सोडला होता. तथापि एकूण आरोग्यखर्चात रुग्णाच्या स्वतःच्या खिशाचा वाटा ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ पर्यंत ३९.४ टक्क्यांवर उतरला, याचे श्रेय द्यावयास हवे.

आता हा पैसा कशावर जातो? उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. महाड तालुक्यात बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी काम केले. विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाने ती वाचतात, हे त्यांनी दाखवून दिले. गोळी स्वस्तच, पण रात्रभर उशाशी बसून नाडी पाहणारा डॉक्टर हवा. आरोग्यसेवेचा मोठा खर्च असा माणसांचा असतो, आणि वेतने बाजारभावाशी थांबत नाहीत. वेतन आयोग आला की खाटा त्याच, परिचारिका त्याच, खर्च मात्र वर जातो. आमच्या उपजिल्हा रुग्णालयाची तरतूद केवळ महागाईइतकीच वाढली, तर तिच्यातून एकही नवी परिचारिका यावयाची नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. आम्हांस ते योग्यच वाटते. मात्र शुल्क गेले की डोंगरवाडीवरचा जो कातकरी पूर्वी दुखणे अंगावर काढीत असे, तोही दाराशी येणार; आणि यावा, म्हणूनच तर हे केले. तेव्हा पुढला अर्थसंकल्प छापून आला, की आरोग्याच्या आकड्यातून आधी महागाई वजा करा, मग त्याला रोग्यांच्या संख्येने भागा. ‘औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हाती का पडते, ते त्या भागाकारात पुष्कळसे सापडेल.