ऐकणे आणि ऐकू येणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली मी इयत्ता आठवीत शिकलो. त्यांच्या नावे होणाऱ्या व्याख्यानासाठी मला बोलावले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. व्यासपीठावर येण्यापूर्वी मी संयोजकांना एक विनंती केली : माझ्या डाव्या हाताला कोणाचीही खुर्ची नसावी. त्यांनी ती कारण न विचारता मान्य केली. ते कारण हाच आजचा विषय आहे.

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. सातव्या वर्षी गालगुंड झाले. ताप उतरला, सूज ओसरली; डाव्या कानाचे श्रवण मात्र गेले ते कायमचे. गालगुंडामुळे क्वचित एखाद्या मुलाचा एक कान असा जातो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. आमच्या घरात ते कोणाला ठाऊक नव्हते. दुसरा कान शाबूत असल्याने मलाही काही कळले नाही.

हे वैगुण्य बाहेरून दिसत नाही आणि ते सदासर्वकाळ जाणवतही नाही. शांत खोलीत समोर बसलेल्याचे बोलणे मला इतरांइतकेच स्पष्ट ऐकू येते. परंतु आवाज कोणत्या दिशेने आला, हे आपला मेंदू दोन कानांतील फरकावरून ठरवतो. जवळच्या कानाला तो किंचित मोठा, आणि सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळ आधी पोहोचतो. गोंगाटातून एखाद्याचे बोलणे निवडून घेतानाही दोन कानांचा हा आधार लागतो. एक कान गेला की तो आधार सुटतो. म्हणून आपल्या इंदुरात राजवाड्यापाशी कोणी हाक मारली, तर मी चारी दिशांना पाहत राहतो. रात्री सराफ्यात मित्रांच्या घोळक्यात उभा असताना डावीकडच्याचे बोलणे हरवते. लग्नाच्या पंगतीत डाव्या बाजूला बसलेला पाहुणा मला गर्विष्ठ समजून जातो.

शंकेचे मूळ येथेच आहे. काल घरात सारे ऐकू आले, मग आज वर्गात का नाही? माझे लक्षच नसेल. मी सोंग तर करीत नाही ना? हा प्रश्न मला इतर कोणी क्वचितच विचारला. मीच तो स्वतःला जवळजवळ पन्नास वर्षे विचारीत आलो.

आपली भाषाही या शंकेला खतपाणी घालते. ‘मुलगा ऐकत नाही’ याचा अर्थ मुलगा उद्धट आहे. कानाडोळा करणे, कानाआड करणे, या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणे, या साऱ्या प्रयोगांत न ऐकणे ही माणसाच्या इच्छेची बाब आहे. पण याच भाषेने आणखी एक वाक्यरचना दिली आहे. ‘मी ऐकत नाही’ आणि ‘मला ऐकू येत नाही’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात ‘मी’ कर्ता आहे, म्हणून दोषही माझा. दुसऱ्यात ‘मला’ आहे; ऐकू येणे माझ्यापर्यंत येते किंवा येत नाही, तेथे माझी इच्छा चालत नाही. हा भेद मी तीस वर्षांहून अधिक काळ फळ्यावर लिहून समजावला. स्वतःला मात्र तो लावला नाही.

आता गुरुजींविषयी. त्यांच्या आधीच्या एका शिक्षकांकडून मी ‘लक्ष कुठे आहे?’ असे विचारीत मारलेल्या थपडा खाल्ल्या होत्या. गुरुजी श्रुतलेखन घालताना फेऱ्या मारीत. मी दर वेळी मान कशी वळवतो, हे त्यांनी चार-सहा दिवस पाहिले असावे. एके दिवशी त्यांनी मला डावीकडच्या भिंतीलगत पहिल्या बाकावर बसवले. एक शब्दही बोलले नाहीत. सारा वर्ग माझ्या उजवीकडे आला आणि माझ्या चुका घटल्या. आणि मी काय समजलो? आता मी लक्ष देऊ लागलो, म्हणजे पूर्वी देत नव्हतो! गुरुजींच्या उपकाराचाही मी स्वतःविरुद्ध पुरावा केला.

याहून वाईट पुढे घडले. प्राध्यापक झाल्यावर माझ्या वर्गात एक बुद्धिमान मुलगा होता. बोलायचा उत्तम, लिहिताना अक्षरे उलटसुलट होत. त्याच्या उत्तरपत्रिकेवर मी लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारला. जो शेरा मी मनात स्वतःवर मारीत होतो, तोच त्याच्यावर मारला. स्वतःवर विश्वास न ठेवणारा माणूस दुसऱ्यावरही ठेवीत नाही. ती खंत आजही आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, मुलीच्या आग्रहाने मी श्रवणचाचणी करवून घेतली. आलेखावर उजव्या कानाची रेघ वर होती, डाव्याची तळाशी. दुःख झाले नाही, सुटल्यासारखे वाटले. पण शंका चिवट असते, ती कायद्याचे बोट धरून परतली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने एकवीस केले. त्यांत अध्ययन अक्षमतेसारखे न दिसणारे प्रकारही आले. श्रवणदोषासाठी मात्र दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल हानी असावी लागते. म्हणजे मी त्यात बसत नाही. मग मी कोण?

विचारांती उत्तर सापडले. मर्यादित सवलती कोणाला द्याव्यात, यासाठी कायद्याला रेघ ओढावीच लागते. ती रेघ वाटपाची आहे, सत्याची नव्हे. दुसऱ्याचे दुःख मोठे आहे म्हणून माझे खोटे ठरत नाही. मला आरक्षण नको. योग्य जागी ठेवलेली खुर्ची हवी.

आपल्यापैकी कोणी अशा शंकेत असेल, त्याने प्रथम तपासणी करून घ्यावी. दुसरे, अडचण कोठे आणि केव्हा येते याची महिनाभर नोंद ठेवावी. आळस असा ठरावीक जागीच भेटत नाही, वैगुण्य भेटते. तिसरे, ते एका साध्या वाक्यात सांगावे. हे सर्वांत कठीण. बेथोव्हनसारख्या संगीतकाराने १८०२ मध्ये आपल्या भावांना उद्देशून लिहिले की, मोठ्याने बोला, मी बहिरा आहे, असे लोकांना सांगणे आपल्याला अशक्य होते; आणि म्हणून लोक आपल्याला माणूसघाणा समजतात. ते पत्र त्याच्या मृत्यूनंतर सापडले. इतका उशीर आपण करू नये.

येथील शिक्षकांना एवढेच सांगतो : मूल ‘ऐकत नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्याला ‘ऐकू येते का’ ते पाहावे. गुरुजींनी ते पाहिले होते.

आता वयोमानाने माझा उजवा कानही मंदावला आहे. त्यात यंत्र बसवले आहे. व्याख्यानानंतर कोणाला काही विचारायचे असल्यास कृपया माझ्या उजव्या बाजूने यावे आणि जरा मोठ्याने बोलावे. हे वाक्य मी या शाळेत प्रथमच उच्चारीत आहे.