हिशेब कुणी द्यायचा?

(कामगार दिनी जालना जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

हंगाम संपवून तुम्ही नुकत्याच घरी आलात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतली दिवाळीनंतर ओस पडलेली गावं पुन्हा भरली. आज मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, ती म्हणजे उचल.

मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. फेडायची मात्र दोघांनी. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे बाई अर्धा कोयता. तिच्या नावाची ना पावती, ना खातं. पहाटे भाकरी थापायच्या, मग फडात मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. पाळी असो की ताप, खाडा पडला की पैसे कापले जातात. हिशेब मुकादमाच्या वहीत. वही म्हणते, "बाकी आहे." की पुढच्या वर्षी पुन्हा तीच टोळी.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी पाहणी झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. दुखणं अंगावर काढायचं, खाडा परवडत नाही म्हणून शेवटी पिशवीच काढायची, असं कितीतरी जणींनी सांगितलं.

लोक म्हणतात, "उचल आपणहून घेतली, मग वेठबिगारी कसली?" वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. उचलीपोटी दुसरीकडे काम करायची मोकळीक गेली, तर ती वेठबिगारीच, असं तो सांगतो. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोटाची नड हीसुद्धा सक्तीच आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणं म्हणजे सक्तीची मजुरी. आणि या कायद्याचं १५ वं कलम नीट लक्षात ठेवा. हे कर्ज वेठीचं आहे असं मजुरानं म्हटलं, तर तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे.

हेच तत्त्व आता दूरच्या एका प्रश्नातही आलं आहे. आपण वेचतो तसा कापूस चीनच्या शिनजियांग प्रांतात पिकतो. जगातल्या कापसाचा सुमारे पाचवा हिस्सा तिथला. तिथल्या उइगूर मुसलमानांना २०१७ पासून मोठ्या संख्येनं छावण्यांत डांबलं गेलं, सरकारी योजनांखाली शेतांत, कारखान्यांत कामाला धाडलं गेलं. चीन सरकार सक्ती झाल्याचं नाकारतं. पण अमेरिकेनं २०२१ साली कायदा केला, जून २०२२ पासून तो लागू झाला. शिनजियांगचा माल सक्तीच्या मजुरीचाच धरायचा. तसा नाही हे आणणाऱ्यानं दाखवायचं. "आम्हाला ठाऊक नव्हतं" ही सबब चालत नाही.

त्यांचं आणि आपलं दुःख एक नाही. तिथे सरकारचा दंडुका आहे, इथे कर्जाची दोरी. पण माल घेणाऱ्याची सबब सारखीच. २०२४ साली न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी लिहिलं की कोका-कोला आणि पेप्सीको महाराष्ट्रातली जी साखर घेतात, तिच्यामागे ही उचल आणि या काढलेल्या पिशव्या आहेत. कंपनी कारखान्याकडे बोट दाखवते, कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम वही दाखवतो. साखळीच्या टोकाला बाई उभी, आणि तिच्या हातात कागदच नाही.

म्हणून येत्या हंगामाआधी गावागावांत हे करू या. उचलीचा करार लेखी हवा आणि त्यावर बाईचंही नाव हवं. तिची मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी. दर पंधरवड्याला किती टन तोडला, किती कापले, याची चिठ्ठी मिळावी. आणि कुणी बाकीसाठी अडवून ठेवलं, तर तहसीलदार किंवा कलेक्टरकडे लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. कायद्यानं जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असलीच पाहिजे. ती बसते का, हे आपण जाऊन विचारायचं. एकटीनं नाही, दहाजणींनी मिळून.

आजवर हिशेब आपल्याकडून मागितला गेला. आता आपण मागू.